आखूड न होणारा स्कर्ट

शाळा उघडायला पंधरा दिवस उरले की मास्तरांचं डोकं फिरायला लागायचं, आणि त्यात त्यांचं काही चुकायचंही नाही. तुम्ही एकदा त्या दुकानात बसून बघा! दहा बाय बाराची खोली, दोन मशिनं, कापायचं लांब टेबल, भिंतीला टेकवलेला एक उभा आरसा, आणि त्यात अख्ख्या शाळेची पोरं आपापल्या आयांसकट. कुणी खडू चाटतंय, कुणी टेप ओढून पळतंय, कुणी आरशात जीभ काढून स्वतःलाच वेडावतंय. मास्तर म्हणजे शिंपी. शाळेत शिकवण्याशी त्यांचा काडीचा संबंध नाही, पण कापडाला कात्री लावणाऱ्याला सगळे मास्तरच म्हणतात. गळ्यात टेप, कानावर पेन्सिल, आणि तोंडात टाचण्या धरलेल्या असल्यामुळे ओरडणं सगळं नाकातून.

पण त्या टाचण्यांपेक्षा जास्त टोचायचं ते आयांचं एक वाक्य.

"मास्तर, खालची दुमड चांगली मोठी ठेवा हं. पोरगी नुसती ताडमाड वाढतेय! मागच्या वर्षीचा स्कर्ट बघा, चार बोटं वर गेला."

दिवसातून पन्नास वेळा हे ऐकायचं. वरून तक्रारीचा सूर आणि आतून कौतुक ओसंडून चाललेलं. मास्तर नुसतं "हूं" म्हणायचे आणि वहीत आकडे लिहायचे. छाती, पाठ, कंबर, स्कर्टची उंची, बाही. चौदा वर्षांच्या वह्या होत्या त्यांच्याकडे, पाठीवर वर्ष लिहून कपाटात लावलेल्या. गावातलं कुठलं पोर कुठल्या वर्षी किती वाढलं हे त्याच्या आईला सांगता आलं नसतं, मास्तरांनी वही उघडून सांगितलं असतं. आणि एवढं सगळं लिहून ठेवणाऱ्या माणसाच्या घरात काय चाललं होतं? त्यांच्या स्वतःच्या पोरीचा स्कर्ट आखूडच होत नव्हता.

पोरीचं नाव शाळेच्या पटावर वेगळं होतं, पण घरात ती बटण. जन्मली तेव्हा एवढीशी, गोल, चकचकीत डोळ्यांची, म्हणून मास्तरांनीच लाडाने ठेवलेलं नाव. तिसरीत गेली तेव्हा कुणीतरी ते वर्गात नेलं आणि मग तो लाड राहिला नाही. "ए बटण, फळ्याच्या खाली मावतेस का बघ!" मास्तरांना वाटायचं, आपली जीभ हासडून ठेवावी. कुठून सुचलं हे नाव!

आणि सल्ले! सल्ल्यांनी तर त्यांच्या नाकी नऊ आणले होते. जो तो वैद्य. दूध पाजा. अंडं द्या. दाराच्या चौकटीला लोंबकळू द्या. दोरीवरच्या उड्या मारू द्या. झोपते किती वाजता? खाते काय? समोरच्या भांडीवाल्याने तर एकदा सरळ विचारलं, "मास्तर, पोटभर जेवायला देता ना पोरीला?" मास्तरांच्या हातात कात्री होती. त्यांनी ती टेबलावर ठेवली, एवढाच काय तो संयम.

घरात तर रोजची खडाजंगी. मास्तरांची आई अंगाने लहानखुरी, चार फूट आठ. स्टुलावर चढल्याशिवाय तिला फळीवरचा डबा मिळायचा नाही. बायकोने एकदा जे ठरवलं ते ठरवलं.

"तुमच्या आईवर गेलीय. दुसरं काय? आमच्या घरात असं कुणी नाही."

"मी खुजी आहे तर आहे," आजी आतल्या खोलीतून ओरडायची, "पण माझे तिन्ही मुलगे धड झाले की नाही? आणि तू स्वतः काय मोठी शिडी आहेस का गं?"

हे मात्र खरं होतं. बायकोही पाच फुटांना दोन बोटं कमीच. पण ती अंगाने भरलेली, खांदे रुंद, बोलणं खणखणीत, त्यामुळे ती बुटकी आहे हे कुणाच्या लक्षातच यायचं नाही. मास्तरांच्या यायचं. कापडवाल्या माणसाच्या लक्षात काय येत नाही? बायकोशी त्यांची ओळख झाली तीच मुळी बाहीवरून. ती टायपिंगच्या दुकानात नवी लागली होती, तयार कोट घेऊन आली आणि म्हणाली, "बाह्या दोन इंच आखूड करून द्या. मला कुठलाच कोट धड बसत नाही." मास्तरांनी माप घेतलं. खरंच, खांदा मोठ्या बाईचा आणि हात मात्र लहान. त्यांनी काही विचारलं नाही. बाह्या नीट बसवून दिल्या, कफ पूर्वीचाच ठेवला, सांधा दिसू दिला नाही. ती खुश झाली. पुढे लग्न झालं, आणि तेव्हापासून तिचं काहीही शिवायचं असलं तरी मास्तर न मोजताच बाही दोन इंच कमी कापायचे.

शिंप्याचं हे असंच असतं. एकाचा डावा खांदा उतरलेला, एकीची कंबर एका बाजूला वाकलेली, एकाला पाठीला पोक. सगळं टेपला कळतं, पण तोंडाने काढायचं नसतं. कापडात कुठे थोडं घ्यायचं, कुठे थोडं सोडायचं, आणि गिऱ्हाइकाला आरशात सरळ करून दाखवायचं. मास्तरांनी हा धर्म तीस वर्षं पाळला. गिऱ्हाइकाशी पाळला तोवर ठीक होतं हो. पण माणसाने तो घरी न्यावा?

त्याचं असं झालं. बटण सात वर्षांची होती. शाळा उघडायच्या आधी सगळ्या मैत्रिणी जुने स्कर्ट घालून एकमेकींना दाखवत होत्या, किती आखूड झाले म्हणून. बटणनेही स्कर्ट घातला. दुकानातल्या आरशापुढे उभी राहिली. स्कर्ट गुडघ्यावर जिथे होता तिथेच. तिने श्वास ओढून बघितला, टाचा उचलून बघितल्या.

"बाबा, माझा का नाही आखूड झाला?"

आणि मग ती रडायला लागली, तीही आवाज न करता. मास्तरांना वर्गातल्या पोरींनी केलेली टिंगल चालली असती, भांडीवाल्याचा टोमणा चालला असता. हे मात्र त्यांना सोसवेना. दुपारी ती खेळायला गेली तेव्हा त्यांनी स्कर्ट घेतला, दुमड उसवली, चार बोटं आत घेतली, पुन्हा तशीच शिलाई मारली आणि ओलं फडकं टाकून इस्त्री केली. जास्तीचं कापड कापून टाकायला हात उचलला नाही, सवयच नव्हती. उद्या लागलं तर? ते सगळं आतल्या आत दुमडून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी म्हणाले, "अगं, काल नीट घातला नसशील. घाल बघू पुन्हा."

तिने घातला. गुडघ्याच्या वर चार बोटं!

"अरे वा! आखूड झाला की!" मास्तर ओरडले, आणि खरोखर नाचले. टेप गळ्यात उडत होता. बटण पण उड्या मारत घरी पळाली, आईला सांगितलं, आजीला सांगितलं. आईने तर शेजारणीला हाक मारून दाखवलं. संध्याकाळपर्यंत घरातल्या सगळ्यांचं ठरलं, की पोर वाढतेय, उगाच घोर लावून घेतला.

पुढल्या वर्षी पुन्हा तेच. आणि पुढल्या वर्षी पुन्हा. एकदा चढवलेलं सोंग उतरवायचं कधी? मास्तरांना ते जमलं नाही. पोरीची उंचीसकट सगळी मापं लिहायची एक वेगळी वही होती, तीत मात्र खरं लिहायचे. त्यांचा हात वहीत खोटा आकडा लिहायला तयार नव्हता. सुईने वाट्टेल ते करील, पेन्सिलने नाही. आता काय म्हणावं या माणसाला!

बटणच्या आठव्या वर्षी बायकोच्या मनात पुन्हा पाल चुकचुकली आणि तिघं डॉक्टरकडे गेले. डॉक्टर भला होता. पोरीला भिंतीशी उभं केलं, वाढीच्या तक्त्यावर एक टिंब काढलं. टिंब सगळ्या रेघांच्या खाली. रक्त तपासलं. थायरॉइड नॉर्मल. वाढीचं हार्मोन नॉर्मल. पोट नॉर्मल, मूत्रपिंड नॉर्मल, जे म्हणून तपासावं ते नॉर्मल.

"एका टिंबावरून काही कळत नाही," डॉक्टर म्हणाले. "ती किती आहे यापेक्षा वर्षाला किती वाढते हे महत्त्वाचं. शाळेचं आरोग्यकार्ड आहे? हं, वर्षाला पाच सेंटीमीटर. वाईट नाही. बरं, घरचा अनुभव काय? जुने कपडे आखूड होतात?"

"होतात म्हणजे!" बायको म्हणाली. "दरवर्षी स्कर्ट चांगला चार बोटं वर जातो. शिंप्याच्या घरात हे कुणी सांगायला लागतं का?"

डॉक्टरांनी मास्तरांकडे बघितलं. मास्तरांच्या मांडीवर पिशवी होती आणि पिशवीत वही होती. त्यांनी पिशवीचे बंद घट्ट धरले आणि होकाराची मान हलवली.

"मग काळजी करू नका. आजी बुटकी, आईवडील बेताचे. घराण्याची चण आहे. वर्षभराने या."

वर्षभराने दुसरा डॉक्टर, दुसरी फाईल, कारण पहिली सापडेना. एका ठिकाणी बूट काढून मोजली, दुसऱ्या ठिकाणी बुटांसकट. पुन्हा रक्त, पुन्हा नॉर्मल. तिसऱ्या वर्षी तिसरा. "कारण सापडत नाही. काही मुलं अशी असतात." अहो, अशी असतात म्हणजे कशी असतात? मास्तर घरी येऊन भिंतीशी भांडायचे. सगळंच जर नॉर्मल आहे तर माझ्या पोरीचा हात फळ्याला का पोचत नाही? दहा वर्षांची पोर बसमध्ये चढताना कंडक्टर तिला उचलून का घेतो? नॉर्मल, म्हणे! त्या शब्दाची त्यांना इतकी चीड आली की गिऱ्हाइकाने "नॉर्मल फिटिंग" म्हटलं तरी पारा चढायचा. प्रत्येक वेळी वही पिशवीत असायची. प्रत्येक वेळी बायको स्कर्टचं सांगायची. प्रत्येक वेळी पिशवीचे बंद घट्ट.

मग एकदा गणवेशाची मापं घ्यायला ते शाळेत गेले असताना कवायतीचे सर आरोग्यकार्डं भरत बसले होते. वजनकाटा कोपऱ्यात, त्यावर झेंड्याच्या काठ्या ठेवलेल्या. सर एकेक कार्ड उघडत होते, मागच्या वर्षीचा आकडा बघत होते, त्यात पाच मिळवत होते आणि सही करत होते.

"सर, हे काय?"

"कार्डं."

"मोजलं कुठे?"

"सातशे पोरं मोजायची म्हणजे शिकवायचं कधी, मास्तर? वर्षाला पाच तर वाढतातच पोरं. सगळी वाढतात."

मास्तरांचा आवाज मैदानापर्यंत गेला. माझ्या पोरीचं कार्ड तीन डॉक्टरांनी बघितलं, तुमच्या या पाच-पाचवर विश्वास ठेवून घरी पाठवलं, तुम्हाला लाज कशी वाटत नाही, खोटं लिहिताना हात झडत नाही का तुमचा! सर आधी गोरेमोरे झाले, मग त्यांनाही राग आला.

"एवढं होतं तर तुम्ही का नाही सांगितलंत डॉक्टरांना? तुमच्याकडे तर सगळ्या शाळेची मापं असतात!"

 मास्तरांनी टेप गुंडाळला आणि माप अर्धवट टाकून दुकानात येऊन बसले. त्या दिवशी त्यांनी कुणाचंही काही शिवलं नाही.

बटण अकरा वर्षांची झाली तेव्हा कुणीतरी मोठ्या इस्पितळातल्या एका डॉक्टरीणबाईंचं नाव सुचवलं. बसने अडीच तास. बाई तरुण, चष्मेवाल्या, आणि तोंडावर गोड बोलायची सवय नसलेल्या. त्यांनी बटणला बूट, मोजे, केसांचा चाप सगळं काढायला लावलं. उभी मोजली: एकशे चोवीस सेंटीमीटर. मग स्टुलावर बसवून बसलेली उंची मोजली. मग हात पसरायला लावून या बोटाच्या टोकापासून त्या बोटाच्या टोकापर्यंत मोजलं. मास्तर बघतच राहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी शिंप्यासारखं मोजत होतं.

हाताचा एक्स-रे आला. बाईंनी तो उजेडासमोर धरला.

"हाडांची टोकं अजून उघडी आहेत. दोन वर्षं धरा हातात. एकदा ती बंद झाली की कुठल्याही औषधाने उंची वाढत नाही." मग त्यांची नजर बायकोच्या हातावर गेली. बायको फाईल पुढे सरकवत होती आणि मनगटाच्या मागचं हाड गाठीसारखं वर आलेलं होतं. "हे कधीपासून?"

"ते होय? टायपिंगचं आहे. पंधरा वर्षं बडवतेय."

"टायपिंगच्या आधी नव्हतं?"

बायको विचारात पडली. "शाळेत असताना दुखायचं खरं. पण तेव्हा सगळे म्हणायचे, काम चुकवायची नाटकं."

बाईंनी नर्सला सांगून बटणला वजनासाठी शेजारच्या खोलीत पाठवलं आणि खुर्ची पुढे ओढली. "हार्मोन ठीक आहे म्हणजे सगळं ठीक, असं नसतं. हातापायांची हाडं किती वाढायची याच्या सूचना आपल्या जनुकांत असतात. प्रत्येक सूचनेच्या दोन प्रती, एक आईकडून, एक वडिलांकडून. अशा एका जनुकाची एक प्रत बिघडलेली असली तर हात-पाय कमी वाढतात, धड मात्र जवळपास वयाप्रमाणे वाढतं. 'कारण सापडत नाही' म्हणून परत पाठवलेल्या काही मुलांमध्ये नेमकं हेच निघतं. मला तोच संशय आहे."

"मग तपासा ना," मास्तर म्हणाले.

"तपासणार. पण एक गोष्ट जुळत नाही. कार्ड म्हणतं वर्षाला पाच सेंटीमीटर. आई म्हणतात कपडे आखूड होतात. असं वाढणारं मूल इतकं मागे राहत नाही. तपासणीच्या अर्जावर मला वाढीचा वेग लिहावा लागतो, आणि हा आकडा लिहिला तर तो अर्ज परत येईल. सहा महिने थांबू. मी स्वतः पुन्हा मोजते, मग नमुना पाठवू."

सहा महिने! दोन वर्षांतले सहा महिने! मास्तरांच्या डोक्यात झणझणलं. त्यांनी पिशवी उघडली आणि वही टेबलावर आपटली, इतक्या जोरात की बाईंचा चष्मा खाली घसरला.

"थांबायचं नाही. हे घ्या. सातव्या वर्षापासूनची मापं आहेत. उंची आहे, पाठ आहे, बाही आहे. वर्षाला एवढी वाढलीच नाही ती, साडेतीन, कधी चार. पाठीचं माप वर्गातल्या पोरींच्या बरोबरीचं, बाही तीन इंच कमी. आणि हिची," त्यांनी बायकोकडे बोट केलं, "हिची बाही मी लग्नाआधीपासून दोन इंच कमी कापतोय."

बाई पानं उलटायला लागल्या. प्रत्येक आकड्यापुढे तारीख होती. "हे तुमच्याकडे होतं? मग आधीच्या डॉक्टरांना—"

"मग स्कर्ट आखूड कसे व्हायचे?" बायकोने विचारलं.

तिचा आवाज एकदम बारीक झाला होता. मास्तर टेबलाकडे बघत बोलले. "मी करायचो. आतून दुमडून. ती रडली होती एकदा, ते मला बघवलं नाही."

 बाईंनी अर्ज ओढला आणि वहीतले आकडे बघून लिहायला लागल्या. मान वर न करताच म्हणाल्या, "आज नमुना घेते. चार वर्षांपूर्वी आला असतात तर वेळ जास्त मिळाला असता. किती फरक पडला असता हे मी सांगू शकत नाही, पण वेळ मिळाला असता."

 बसमध्ये बायको फाईल छातीशी धरून बसली. बटण दोघांच्या मध्ये बसून खिडकीतून बघत होती. घरी आल्यावर पोरगी आजीकडे गेली आणि मग बायकोचा बांध फुटला.

"तीन डॉक्टर! तीन डॉक्टरांपुढे मी छातीठोकपणे सांगत होते, चार बोटं, चार बोटं! आणि तुम्ही शेजारी मूग गिळून बसलात! मला तोंडघशी पाडलंत त्याचं काही नाही हो. पोरीची चार वर्षं गेली. कुठून आणणार आहात ती? शिवून देणार आहात?"

 

आठ आठवड्यांनी अहवाल आला. जनुकाची एक प्रत बिघडलेली. आईचंही रक्त घेतलं होतं. तिच्यातही तीच, तशीच. बाईंनी नीट समजावलं, यात कुणाचा दोष नाही, खाण्यापिण्याचा संबंध नाही, आईला ते कमी जाणवलं आणि मुलीला जास्त, असं होतं. बायकोने सगळं ऐकून घेतलं. घरी येऊन सरळ आजीसमोर जाऊन उभी राहिली.

"आई, ते माझ्याकडून आलंय. तुमच्याकडून नाही."

आजीने तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. "अकरा वर्षं माझ्या नावाने खडे फोडलेस. गेलं एकदाचं बालंट." मग म्हणाली, "बस इथे. मनगट दुखतंय का? दे इकडे, चोळून देते."

वाढीचं हार्मोन अंगात पुरेसं असलं, तरी ते वरून दिलं की अशी हाडंही थोडी जास्त वाढतात, म्हणून त्याचंच रोजचं इंजेक्शन सुरू झालं. एवढीशी सुई, पेनासारखी, मांडीत टोचायची. टोचायला बायको शिकली. मास्तरांना ते जमेना. आयुष्यभर सुईवर पोट भरलेला माणूस, आणि ती एक सुई हातात घेतली की बोटं थरथरायची. बायको अजून त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होती. ते योग्यच होतं, असं मास्तरांनाही वाटत होतं. राहून राहून त्यांना एकच खात होतं: पोरीला सांगायचं राहिलं होतं. दवाखान्यात ती शेजारच्या खोलीत होती, घरी आजीपाशी. तिला अजून वाटत असेल, आपले स्कर्ट खरंच आखूड झाले.

शाळा उघडायला पंधरा दिवस राहिले. एका सकाळी, गिऱ्हाइकं यायच्या आधी, मास्तरांनी तिला दुकानात बोलावलं. काय बोलायचं ते चार वेळा मनात घोकलं होतं. बटण आली ती काखेत गाठोडं घेऊन. टेबलावर सोडलं. चार जुने स्कर्ट. तिने एकेक उलटा केला आणि ओळीने मांडला.

"बाबा, मला तुम्हाला एक सांगायचंय."

मास्तर बघत राहिले. उलट्या स्कर्टच्या आत, जाड दुमडीच्या मधोमध, एकेक फिकट आडवी रेघ होती, आणि तिच्यावर जुन्या टाक्यांची भोकं. पूर्वीच्या दुमडीची रेघ. कितीही इस्त्री करा, ती जात नाही. त्यांनी स्वतःच तिला हे कधीतरी शिकवलं होतं.

"पहिल्या वेळी मला कळलं नव्हतं," ती म्हणाली. "दुसऱ्या वेळेपासून कळलं."

"दुसऱ्या..." मास्तर खाली बसले. "आठ वर्षांची होतीस. मग बोलली का नाहीस गं? एक शब्द बोलायचास! मला नाही तर आईला, त्या डॉक्टरांना!"

"तुम्ही 'आखूड झाला की' म्हणून किती नाचायचात," बटण म्हणाली. "मला वाटलं, तुम्हाला बरं वाटतंय तर राहू दे."

मास्तरांना स्वतःचा इतका राग आला की त्यांनी टेबलावर मूठ मारली. खडू खाली पडून फुटला. मग डोळे भरून आले आणि ते त्यांनी पुसले नाहीत. बटणने खडूचे तुकडे गोळा केले, डबीत टाकले, चपला काढल्या आणि भिंतीला टाचा, पाठ, डोकं टेकवून उभी राहिली.

"मोजा. पण खरं."

मास्तरांनी टेप उलटा केला, सेंटीमीटरची बाजू वर घेतली. तिच्या डोक्यावर पट्टी आडवी धरली, भिंतीवर खूण केली. मग पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"एकशे सव्वीस."

"दवाखान्यात एकशे चोवीस होतं."

"हो. दोन वाढलीस." त्यांनी तारीख घालून वहीत लिहिलं आणि वही फिरवून तिला वाचायला दिली.

तिने वाचलं. दाराबाहेर पहिली गिऱ्हाईक बाई पोराला ओढत येत होती, आणि ती काय म्हणणार ते दोघांनाही पाठ होतं. बटणने नव्या स्कर्टचं कापड टेबलावर पसरलं.

"माझ्या दुमडीला किती ठेवणार? सगळ्यांना चार बोटं ठेवता."

मास्तरांनी पेन्सिल कानावरून काढली. चार म्हणायला जीभ सैल झाली होती, ती त्यांनी आवरली.

"तुला दोन," ते म्हणाले.

"चालेल," म्हणत बटणने कापडाची कड धरली, आणि मास्तरांनी दोन बोटांवर रेघ मारली.